दोन रंगांच्या विणीसाठी बोटातली धागा-अंगठी : ताण खरंच सारखा येतो का?

ही अंगठी विकताना ‘दोन्ही धाग्यांचा ताण सारखा ठेवते’ असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अंगठी दोन धागे वेगळे ठेवते, त्यांचा क्रम बदलू देत नाही आणि गुंता टाळते. वीण सपाट येणार की आवळणार, हे मात्र उजव्या सुईवर ठरतं. एवढं आधी समजून घेतलं तर अंगठी चांगली वस्तू आहे. केवळ अंगठी घातली म्हणून हात सुधारेल, या भरवशावर मात्र ती घेऊ नये.

आधी वस्तू पाहू. ‘निटिंग रिंग’ किंवा ‘यार्न गाइड’ या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली तारेची : स्प्रिंगसारखे वेटोळे बोटावर बसतात आणि वरच्या बाजूला दोन कडी येतात, काहींना तीन. दुसरी प्लास्टिकची, खाचा असलेली आणि वर झडप मिटणारी. तिसरी रुंद पट्टीची, मोर, मांजर किंवा पानाच्या आकाराची, एकच धागा जाणारी. ती क्रोशाची अंगठी आहे. दिसायला सुरेख, पण दुरंगी विणीत तिचा काही उपयोग नाही. मागवताना फोटोत दोन स्वतंत्र कडी दिसतात का, एवढं नक्की बघावं. नॉर्वेत ही वस्तू जुन्या वापरातली आहे. तिथे तिला ‘विणकामाचं अंगुस्तान’ अशा अर्थाचंच नाव आहे.

तिन्हींत घ्यावी ती तारेची. तिची कडी पूर्ण बंद नसतात, वेटोळ्यासारखी उघडी असतात, त्यामुळे धागा न तोडता बाजूने सरकवून आत घालता येतो आणि मधेच काढताही येतो. ओळीत एकच रंग लागला की दुसरा धागा काढून ठेवणं सोपं जातं. प्लास्टिकच्या अंगठीत साच्याची शिवण खाचेच्या आत राहिलेली असते. ती धाग्याचे पदर सोडवते आणि लोकर पिंजते. तारेच्या अंगठीतही कापलेलं टोक खरखरीत असू शकतं. लोकरीचा तुकडा कड्यातून दहा-बारा वेळा ओढून बघा; तंतू अडकत असतील तर बारीक पॉलिश पेपरने टोक घासून घ्या. नखं घासायची कानसही चालते. बोटाला सैल होत असेल तर ती गोल फिरते आणि क्रम ठेवण्याचं तिचं मुख्य कामच बिघडतं. आतून चिकटपट्टीचा एक वेढा दिला की बसते. घट्ट होत असेल तर वेटोळे हाताने थोडे उलगडता येतात. प्लास्टिकच्या अंगठीत ही सोय नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. साताऱ्या-सांगलीकडे विणणाऱ्या बहुतेक बायका धागा उजव्या हातात धरतात आणि सुईवरून टाकतात. ही अंगठी डाव्या हातात धागा धरून सुईच्या टोकाने उचलणाऱ्यांसाठी आहे. उजव्या तर्जनीत घालून धागा टाकता येत नाही, कारण प्रत्येक टाक्याला दोन्ही धागे एकदमच सुईभोवती जायला बघतात. म्हणजे अंगठी घेतली की सोबत धागा धरायची नवी पद्धतही शिकावी लागते, आणि नवीन पद्धतीत पहिले काही दिवस हात सैलच पडतो. त्यामुळे उजव्या हाताने विणणारीने अंगठीच्या आधी दुसरा मार्ग करून बघावा : जमिनीचा (म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा) रंग नेहमीसारखा उजव्या हातात, नक्षीचा रंग डाव्या हातात. उजवीकडचा टाकायचा, डावीकडचा उचलायचा. जमिनीचे टाके जास्त असतात, ते सवयीच्या हाताने होतात. नक्षीचे थोडे टाके नवा हात शिकत शिकत करतो. ही पद्धत जमली तर अंगठीची गरजच राहत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर तर कमरेच्या चामडी पट्ट्यात उजवी सुई रोवून, धागा उजव्या हाताने टाकत पिढ्यान् पिढ्या एका ओळीत दोन रंग विणले गेले. फेअर आयलची प्रसिद्ध नक्षी त्याच भागातली, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधल्या लहानशा बेटाची. लांब कशाला, हिमाचलातल्या लाहौलच्या रंगीत नक्षीच्या मोज्या-हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सारखा ताण ही कोणत्याही साधनाची देणगी नाही.

मग ताण बिघडतो कुठे? नक्षीचा धागा एका नक्षीच्या टाक्यापासून पुढच्यापर्यंत विणीच्या मागून आडवा जातो. हा आडवा धागा जेवढ्या टाक्यांवरून जातो तेवढ्या रुंदीचा हवा. टाका ताणला जातो, कारण तो वळणदार आहे. आडवा धागा सरळ असतो, त्याच्यात ताणायला काही उरत नाही. हिशेब करून बघा. 10 सेंटीमीटरमध्ये 24 टाके बसत असतील तर पाच टाक्यांची रुंदी साधारण 21 मिलिमीटर होते. 120 टाक्यांच्या टोपीत ‘एक नक्षीचा, पाच जमिनीचे’ अशी ओळ असेल तर मागे असे 20 आडवे धागे येतात. प्रत्येक फक्त 1 मिलिमीटरने आखूड पडला तर 50 सेंटीमीटरचा घेर 48 होतो, आणि 2 मिलिमीटरने पडला तर 46. वर, ती ओळ डोक्यावर ताणलीही जात नाही. टोपी डोक्यात जात नाही त्याचं कारण हे. बोट कितीही सारखं धरलं तरी उजव्या सुईवर टाके दाटीवाटीने बसलेले असतील तर आडवा धागा त्या दाटीएवढाच आखूड राहतो.

म्हणून रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे शेवटचे पाच-सहा टाके उजव्या हाताच्या बोटांनी त्यांच्या स्वाभाविक रुंदीला पसरवायचे, ताणायचे नाहीत. तसेच धरून नव्या रंगाचा पहिला टाका घ्यायचा आणि घेतल्यावर धागा ओढायचा नाही. हे ‘न ओढणं’ सगळ्यात अवघड. साध्या विणीत प्रत्येक टाक्यानंतर हलका हिसका द्यायची सवय लागलेली असते, आणि दुरंगी विणीत नेमका तोच हिसका मागचा धागा आखडवतो. अंगठी इथे थोडी मदत करते : कड्यातून येणाऱ्या धाग्याला बोटाने वेगळं धरावं लागत नाही, त्यामुळे हिसका देण्याची ओढ कमी होते. पण टाके पसरवून देणं अंगठीला जमत नाही. ते हातानेच करायचं.

सुयांचाही यात वाटा आहे. ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत सुईवर ॲक्रिलिकचे टाके पसरवले तरी लगेच सरकून पुन्हा एकत्र येतात. लाकडी किंवा बांबूच्या सुईवर ते जागेवर राहतात. दुरंगी काम शिकताना पैसे घालायचेच असतील तर अंगठीच्या आधी लाकडी गोल सुईत (दोन टोकं लवचीक दोरीने जोडलेली सुई) घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता अंगठीचा स्वतःचा दोष, जो विक्रेते सांगत नाहीत. ‘एक-पाच’च्या ओळीत जमिनीचा धागा भराभर वापरला जातो, नक्षीचा हळूहळू. दोन्ही एकाच बोटावर, एकाच मुठीतून येत असतील तर जमिनीचा धागा ताणत जातो आणि नक्षीचा कड्याजवळ ढिला पडून लोंबतो. मग पाच टाक्यांनंतर येणारा नक्षीचा टाका मोठा आणि सैल येतो. समोरून बघितलं की नक्षीचे एकेकटे ठिपके फुगलेले दिसतात. अंगठीशिवाय दोन्ही धागे तर्जनीवर धरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. अंगठी तो मिटवत नाही. उपाय असा : दोन्ही धागे मुठीत एकत्र घेऊ नयेत. जमिनीचा धागा करंगळीला एक वेढा देऊन वर आणावा, नक्षीचा करंगळी आणि अनामिकेच्या मधून, वेढा न देता. गुंडे वेगवेगळ्या डब्यांत, एक मांडीच्या डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावेत. पंधरा-वीस टाक्यांनी एकदा नक्षीचा लोंबता भाग करंगळीच्या बाजूने मागे ओढून घ्यावा, टाक्याच्या बाजूने नाही. कड्यात येणारा धागा सैल असला तरी चालतो; लोंबता नको.

धाग्यांचा क्रम हीच अंगठीची खरी कमाई. दुरंगी विणीत मागच्या बाजूला एक धागा सतत दुसऱ्याच्या खालून जातो. खालून जाणाऱ्या धाग्याला टाक्यापर्यंत यायला जरा जास्त अंतर पडतं, म्हणून त्याचे टाके किंचित मोठे येतात आणि तो रंग उठून दिसतो. नक्षीचा रंग खालून गेला पाहिजे. क्रम ओळीओळीला बदलत गेला तर ताण सारखा असूनही नक्षी काही ठिकाणी ठळक, काही ठिकाणी बुजलेली दिसते, आणि विणणारीला वाटतं की हातच बिघडला. अंगठीत प्रत्येक धाग्याचं कडं ठरलेलं असल्यामुळे क्रम आपोआप पाळला जातो. कोणत्या कड्यात कोणता रंग घालायचा हे पाकिटावर शोधू नका. दोन-तीन ओळी विणून तुकडा उलटा करा. काम सुईवर आहे त्याच दिशेने धरून मागे बघितलं तर नक्षीचे आडवे धागे सगळीकडे खाली दिसले पाहिजेत. वर दिसले तर कड्यांतले धागे अदलाबदल करा आणि मग संपूर्ण काम होईपर्यंत तसेच ठेवा. रात्री काम खाली ठेवून सकाळी उचलताना हीच चूक सर्वांत जास्त होते. नक्षीच्या कड्याला लाल दोऱ्याची गाठ बांधून ठेवावी.

लांब आडवा धागा मधे अडकवण्याच्या बाबतीत मात्र अंगठी हात बांधून ठेवते. अडकवणं म्हणजे न विणला जाणारा धागा एका टाक्यासाठी विणणाऱ्या धाग्याच्या वर आणि पुढच्या टाक्यासाठी पुन्हा खाली आणणं. कड्यांत क्रम पक्का असल्यामुळे दोनपैकी एक धागा सुईच्या टोकाने सहज अडकतो. दुसऱ्यासाठी डाव्या अंगठ्याने धागा उचलून धरावा लागतो. त्यामुळे अंगठीवर काम करायचं तर नक्षीच अशी निवडावी की एका रंगाचे सलग पाचांहून जास्त टाके येत नाहीत. मग अडकवायची गरज क्वचित पडते. सहा-सात टाके आले तर मधोमध एकदाच अडकवावं, आणि एकावर एक येणाऱ्या ओळींत त्याच टाक्यावर नको, नाहीतर समोरून दुसऱ्या रंगाचा उभा पट्टा डोकावतो. लहान मुलांच्या हातमोज्यांत मात्र तीन-चार टाक्यांनीच अडकवलेलं बरं. बोटं अडकून धागा ओढला जातो.

सपाट तुकडे विणणाऱ्यांनी अंगठी घेऊ नये. पुढचा-मागचा भाग वेगळा विणून शिवायची आपली जुनी रीत आहे, पण त्यात एक आड एक ओळ उलट येते. उलट टाक्याला धागे पुढे आणावे लागतात, अंगठीची कडी मात्र धागे मागे उंच धरून ठेवतात. शिवाय बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्याहून सैल असतो, त्याने ओळी जोडीजोडीने वेगळ्या दिसतात. दुरंगी काम गोल विणावं, म्हणजे सगळे टाके सुलट. टोपीला 40 सेंटीमीटरची गोल सुई. मोजे, हातमोजे अशा लहान घेराच्या कामात मोज्यांच्या चार दुटोकी सुया किंवा 80 सेंटीमीटरच्या गोल सुईची मॅजिक लूप, म्हणजे सुईच्या लांब दोरीचा फास बाहेर काढून लहान घेर विणायची पद्धत. या लहान घेरांत एक युक्ती फार मोलाची आहे : काम उलटं करून, म्हणजे विणीची मागची बाजू बाहेर ठेवून विणायचं. मग आडवे धागे घेराच्या बाहेरून जातात, त्यांना थोडा लांबचा रस्ता पडतो आणि सुया जिथे बदलतात त्या कोपऱ्यावर ते आखडत नाहीत. विणायची पद्धत तीच राहते. फक्त नळीच्या पलीकडच्या काठावर विणावं लागतं. जिचा हात मुळातच घट्ट आहे तिला या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही अंगठीने पडत नाही.

लोकरीबद्दल थोडं. साताऱ्यात खण आळी-मोती चौकाच्या बाजूला किंवा सांगलीत कापड पेठेत, गणपती पेठेत फिरलात तर मिळेल ते बहुतांश ॲक्रिलिक. ॲक्रिलिकवर दुरंगी काम होतं, पण ते गुळगुळीत असल्यामुळे प्रत्येक चूक उघडी पडते. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, टाके जागेवर बसतात आणि मागचे धागेही चिकटून राहतात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगड्यासाठी उत्तम. तिच्यात हा धरून ठेवण्याचा गुण भरपूर आहे, पण ती जाड आणि केसाळ, कानटोपीला टोचते. शिकण्यासाठी लोकर-ॲक्रिलिक मिश्र धागा मिळाला तर तो घ्यावा.

दुकानात दोन रंग घेताना जाडी पारखून घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गुंड्यांतही फरक निघू शकतो. एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यात अडकवून दोन्ही दुमडायचे, पीळ द्यायचा आणि सांध्यावरून चिमटीत धरून बोटं फिरवायची. एका बाजूला जाड लागलं तर तो रंग सोडून द्या. जाडीत फरक असेल तर ताण कितीही सारखा ठेवा, वीण सारखी दिसणार नाही. लाल, मरून, गडद निळा पांढऱ्यासोबत वापरणार असाल तर धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यात दाबून ठेवा. रंग उतरतोय का ते लगेच कळतं. प्रत्येक रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे (एकाच वेळी रंगवलेले) एकदमच घ्यावेत.

सुयांच्या नंबरात गफलत होते म्हणून लिहितो : आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड. 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर, 9 नंबर म्हणजे 3.75. दुरंगी पट्टा साध्या विणीपेक्षा थोडा आवळतोच, म्हणून बॉर्डर 10 वर आणि नक्षी 9 वर विणावी. मिलिमीटरच्या सुयांचा संच असेल तर आधी 3.5 वर प्रयत्न करा. अर्धीच पायरी पुरते.

अंगठी आपल्या हाताला जमते का, हे ठरवायला एक नमुना पुरेसा आहे. 72 टाके गोल, मॅजिक लूपवर. आधी दहा ओळी साध्या, एका रंगाच्या. मग तीन ओळींची नक्षी पाच वेळा : पहिली ओळ एक नक्षीचा पाच जमिनीचे, दुसरी तीन-तीन, तिसरी एक आड एक. शेवटी पुन्हा दहा ओळी साध्या. असे दोन तुकडे करा, एक अंगठीने आणि एक नेहमीच्या हाताने. धुवून वाळवून सपाट ठेवा आणि बघा. तुकड्याचा डमरू झाला असेल, मधे बारीक आणि वर-खाली रुंद, तर मागचे धागे आखूड आहेत. टाके पसरवायला सुरुवात करा किंवा एक सुई जाड घ्या. तीन-तीनच्या ओळीत रंग बदलताना शेवटचा टाका आवळलेला दिसत असेल तर तो रंग पुन्हा घेताना हिसका बसतोय. एक-आड-एकच्या ओळीत एक रंग बुजत असेल तर क्रम बिघडलाय. एक-पाचच्या ओळीत ठिपके फुगले असतील तर नक्षीचा धागा लोंबतोय, आणि ठिपके आत ओढल्यासारखे खड्ड्यात गेले असतील तर तोच धागा आखूड पडतोय. अंगठीच्या तुकड्यात फक्त फुगलेले ठिपके दिसत असतील आणि बाकी सगळं नीट असेल, तर ठेवून घ्या. मुठीतली धाग्यांची वाट बदलली की ते सुधारतात. डमरू दोन्ही तुकड्यांत सारखाच असेल तर अंगठी परत पाठवली तरी काही बिघडत नाही. परत करायची मुदत संपायच्या आत हा नमुना करून बघावा, संध्याकाळच्या दोन बैठकांचं काम आहे.

धुलाईच्या बाबतीत धाग्याप्रमाणे वागावं लागतं. खऱ्या लोकरीचं काम कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबून, सपाट पसरून सावलीत वाळवलं की टाके आपसात जुळतात आणि किरकोळ उंच-सखलपणा निघून जातो. ॲक्रिलिकवर याचा परिणाम फारसा होत नाही. त्यावर इस्त्री टेकवू नका : उष्णतेने तंतू कायमचे मऊ पडतात, लवचीकपणा जातो आणि टोपी लोंबू लागते. तो परत येत नाही. ॲक्रिलिकवर काम करणारीने ताण सुईवरच नीट ठेवायचा, नंतर दुरुस्तीला वाव कमी आहे. आणि आधीच आखडलेला आडवा धागा तर लोकरीचं कामही धुऊन लांब होत नाही; ती ओळ उसवूनच काढावी लागते.